पवित्र शास्त्राची मराठी अभ्याससूची: अमळनेरच्या नोंदवहीतून

१२ जून २०२४, अमळनेर

काम असे: बायबलचा मराठीत जो काही अभ्यास झाला, त्याची सूची करायची. भाषांतरे, भाष्ये, कोश, प्रस्तावना, नियतकालिकांतले लेख, सगळे त्यात येते. सरांच्या ग्रंथाला आठ पानांचे परिशिष्ट जोडायचे एवढेच ठरले होते. "मॅडम, पावसाळ्यात उरकून टाका," असे ते जळगावहून फोनवर म्हणाले, जणू पापडच लाटायचे आहेत.

कॉलेजच्या संगणकावर ‘बायबल’ शोधले. दोन-तीन कामाची पुस्तके निघाली. बाकी सगळी अमुक धंद्याचे बायबल, तमुक परीक्षेचे बायबल. मग ‘करार’ टाकले, कारण जुने लोक जुना करार, नवा करार असेच म्हणतात. १८७२ चा भारतीय करार कायदा सहा प्रतींत हजर झाला, मागोमाग १९३२ चा पुणे करार. ‘जुना करार’ असे पूर्ण टाकल्यावर भाडेकरारावरचे एक पुस्तक आले.

पाऊस नाही. पंखा गरम हवा फेकतोय.

१४ जून

शोधायचे शब्द वहीत लिहून काढले: पवित्र शास्त्र, शास्त्र (हा एकटा शब्द निरुपयोगी, भौतिकशास्त्रापासून पाकशास्त्रापर्यंत सगळे येते), शुभवर्तमान, सुवार्ता, स्तोत्रसंहिता, प्रेषितांची कृत्ये, प्रकटीकरण. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांच्या नावात ‘बायबल’ असेलच याचा भरवसा नाही.

कपाटाकडे गेले. ड्यूईच्या वर्गीकरणात बायबलला २२० हा आकडा. जुना करार २२१, नवा २२५. मराठी भाषांतराचा पूर्ण आकडा २२०.५९१४६ होतो, शेवटचे ९१४६ म्हणजे मराठी. आमच्याकडे हा आकडा आजवर एकाही पुस्तकाच्या पाठीवर पडलेला नाही. आहेत ती पुस्तके ‘इतर धर्म’ असा कागद चिकटवलेल्या खालच्या फळीवर. झाडू मारताना पाणी तिथेच उडते.

१९ जून

आज नियम ठरवला, आणि तो मोडायचा नाही. स्वतःच्या हातात घेऊन, किंवा मुखपृष्ठासकट पूर्ण स्कॅन उघडून जे पाहिले, त्याच्यापुढे फुली. दुसऱ्या यादीवरून जे उचलले ते फुलीशिवाय, आणि कोणत्या यादीवरून ते शेजारी.

हाताशी तीन मोठ्या याद्या आहेत. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची. १८०० ते १९३७ चा तिचा भाग १९४३ मध्ये निघाला. ब्लमहार्टने केलेली ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी-गुजराती छापील पुस्तकांची यादी, १८९२ ची. आणि डार्लो व मूल यांची १९०३ ते १९११ मधली छापील पवित्र शास्त्रांची यादी, जिच्यात जगातल्या भाषांच्या रांगेत मराठीलाही जागा आहे. तिन्ही चांगल्या. पण यादीवरून यादी केली की चूक पिढ्यान्‌पिढ्या चालते. शेतीच्या सातबाऱ्यावर चुकीचे नाव लागले की ते काढायला किती चपला झिजतात, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

सरांना नियम कळवला. "मग परिशिष्ट कधी होणार?" एवढेच उत्तर आले.

२५ जून, धुळे

मोडीसाठी धुळ्याला जावेच लागले. विल्यम केरीच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून (बंगालमधले श्रीरामपूर, आपले नगरकडचे नव्हे, विद्यार्थिनीने तशी नोंद करून टाकली होती) मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये मराठीत छापून निघाले, पूर्ण नवा करार १८११ मध्ये. तो नवा करार मोडीत. स्कॅन माझ्याकडे होता, वाचता येत नव्हता.

आबा निवृत्त आहेत, राजवाडे संशोधन मंडळाच्या रस्त्यावर आयुष्य गेलेले. जमिनीची, वतनाची कागदपत्रे झरझर वाचतात. त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला. पाच मिनिटे गप्प. मग म्हणाले, "हा लिहिणारा कारकून नाही. प्रत्येक अक्षर सुटे उभे केलंय. मोडी अशी उभी राहत नाही, ती पळते." छापील खिळ्यांची मोडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. हाताची मोडी लेखणी न उचलता जाते. खिळे तसे जाऊ शकत नाहीत. वाचायला त्यांना उलट जड गेले, दोन ओळींना अर्धा तास. चहा दोनदा झाला.

केरीला मराठी शिकवणाऱ्या आणि भाषांतरात हात असणाऱ्या पंडिताचे नाव कुठे वैजनाथ येते, कुठे वैद्यनाथ. मुखपृष्ठांवर त्याचे नाव नाहीच. सूचीत ‘सहभाषांतरकार’ म्हणून घातले, दोन्ही रूपांसह. सर म्हणतील, मुखपृष्ठावर नाही ते कसे घालता. घालणार.

परतीच्या एसटीत जागा नव्हती. उभ्याने अमळनेर.

३ जुलै

आजचा दिवस वाया. विद्यार्थिनीने मेहनतीने तीनशेच्या आसपास लेख एक्सेलमध्ये भरले होते, अध्याय आणि ओवीसह (ती वचनाला ओवी म्हणते, सुधारले नाही, ऐकायला बरे वाटते). आकडे इंग्रजी कळांनी टाकलेले. योहान ३:१६ वरचे सगळे लेख आता पहाटे तीन वाजून सोळा मिनिटांचे झाले आहेत. आणि मत्तय ५ ते ७, म्हणजे डोंगरावरील प्रवचन, जिथे जिथे ‘५-७’ होते तिथे तिथे ‘५ जुलै’.

रकाना आधी ‘मजकूर’ करायचा असतो, हे मीच सांगायला विसरले. तिला बोलले आणि मग वाईट वाटले. संध्याकाळी दोघींनी बसून चाळीसेक नोंदी मूळ कार्डांवरून दुरुस्त केल्या. तिच्या आईने डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता.

५ जुलै

आज डोंगरावरील प्रवचन. तिने सकाळी सकाळी मला तसा निरोप पाठवला.

११ जुलै

क्रमवारी. वाटले होते बटण दाबले की झाले.

पहिली अडचण: ‘ज्ञानोदय’. १८४२ पासून अहमदनगरहून निघालेले, या सूचीचा निम्मा भार वाहणारे नियतकालिक. यंत्राच्या लेखी ज्ञ म्हणजे ज आणि ञ, म्हणून ते ज मध्ये, झ च्या आधी. आपल्या शाळेतल्या मुळाक्षरांत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. हिंदीची क्रमवारी लावली तर एक यादी, मराठीची लावली तर दुसरी. मराठीची लावली. वाचणारा ज्ञानोदय शेवटीच शोधणार.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला पाय मोडून आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधात मात्र ‘करिंथकरांस दुसऱ्या पत्रावरील’ एकदा सापडते, एकदा नाही. त्यात श्रीलिपी या जुन्या टंकातल्या फायली युनिकोडमध्ये आणताना रफारांची वाट लागलेली. दिवसभर शोधा-बदला, शोधा-बदला.

तिसरी अडचण माणसांची. झोटेरो हे सॉफ्टवेअर प्रत्येकाला आडनाव मागते. ‘पंडिता रमाबाई’ दिले तर त्याने छापले ‘रमाबाई, पं.’ जणू या कुठल्याशा गायनाच्या मैफलीतल्या पंडित. नाव एकाच रकान्यात घातले की प्रश्न मिटतो, पण मग त्या प मध्ये जातात. बाबा पदमनजींचे आडनाव मुळे. म मध्ये त्यांना कोण शोधेल? ते प मध्ये, रमाबाई र मध्ये, आणि दोन्हीकडे ‘पाहा’ अशा उलटनोंदी. नियमाला धरून नाही. लोकांच्या तोंडाला धरून आहे.

विद्यार्थिनीने बाबा पदमनजींची नव्या करारावरची टीका ‘विरोधी लेखन’ या गटात घातली होती. टीका म्हणजे भाष्य, ज्ञानेश्वरीही गीतेवरची टीकाच, असे सांगितल्यावर तिला पटले, पण म्हणाली, "मग मॅडम, शब्दच बदलून टाकू ना." शीर्षक कसे बदलणार?

१६ जुलै

संक्षेप ठरवले. इंग्रजीत अभ्यासक सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरच्या शैलीपुस्तिकेचे संक्षेप वापरतात. मराठीत य ने सगळी पंचाईत केली आहे: यहोशवा, यशया, यिर्मया, यहेज्केल, योएल, योना, योहान, याकोब, यहूदा. नऊ. ‘यो.’ लिहिले तर तिघांपैकी कोण? योना आणि योएल पूर्णच लिहायचे. इतके छोटे शब्द आणखी किती तोडणार.

२०–२१ जुलै, नवापूर

सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी. नंदुरबार सोडले की हिरवे व्हायला लागते, नवापूरला पाऊस नुसता कोसळत होता. अमळनेरकर माणसाला हे दुसरेच खानदेश.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या बाजूला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक काम करत होते. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना आजही याच तालुक्यात आहे. म्हणून इथे घराघरांत काही जुने छापील सापडेल असा अंदाज. रविवारची भक्ती संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांच्या वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. वरचा थर गीतांच्या पुस्तकांचा. त्याखाली शब्बाथशाळेचे धडे. तळाशी एक जाड ग्रंथ, खाकी कागदात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला.

गाठ सोडवायला पाळकसाहेबांच्या पत्नीला बोलवावे लागले, तिची नखे बारीक. कागद उलगडला तशी वाळवीची माती टेबलावर सांडली. पुढची आठ-दहा पाने चाळणी. मुखपृष्ठ नाही, शेवटची पानेही नाहीत. रोमकरांस पत्रावरचे भाष्य, बारीक टाइपात. समासात शाईने कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले: तारखा, एका बाळाचे जन्मटिपण, एका ठिकाणी ‘विहिरीला पाणी लागले’. मी वचने शोधायला आले होते आणि अर्धा तास समासच वाचत बसले.

कोणाचे, कधीचे, काही कळेना. फोटो घेतले. या ग्रंथापुढे फुली आहे, नाव नाही. सूचीत उलटे प्रकरणही असू शकते हे लक्षात आले नव्हते.

त्याच पेटीत एका लेखाचे कात्रण, ‘स्तोत्र २२: मेंढपाळ’. चूक म्हणून खोडणार होते. पाळकसाहेब हसले. "ताई, ते कॅथलिकांचं असेल. त्यांचं बावीस ते आमचं तेवीस." खरेच. जुन्या ग्रीक आणि लॅटिन परंपरेत नववे आणि दहावे स्तोत्र एक धरले आहे, म्हणून पुढे बऱ्याच लांबपर्यंत आकडा एकाने मागे राहतो. आता सूचीत स्तोत्रांच्या सगळ्या जुन्या कॅथलिक लेखांना दोन्ही आकडे द्यावे लागणार. ‘निरोप्या’ या कॅथलिक मासिकाचे १९०३ पासूनचे अंक पुन्हा तपासा. आणि कॅथलिक बायबलात ग्रंथ ७३, प्रॉटेस्टंटांत ६६. त्या जास्तीच्या सातांसाठी वेगळा विभाग लागेलच.

मावची भाषेतले काही छापील कागद त्यांनी दाखवले. लिपी देवनागरी, भाषा मराठी नव्हे. घ्यायचे की नाही? ‘शेजारी भाषा’ असे परिशिष्ट काढले. परिशिष्टाला परिशिष्ट. सरांना अजून सांगितलेले नाही.

३० जुलै

एका मोठ्या शहरातल्या ग्रंथालयाचे उत्तर. आधी प्राचार्यांचे पत्र मागितले, मग विभागप्रमुखांचे, मग आधार कार्डाची प्रत. सगळे दिल्यावर: पुस्तक बांधणीला गेले आहे. कधी? नोंद नाही. फुली नाही.

१२ ऑगस्ट

काल कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली, आज विसर्जन. घरात रोटांचा वास, मावशी शिरपूरहून आलेली. रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला आणि तिने विचारले काय करतेस.

उघडा होता ग्रियर्सनचा भाषासर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७. त्यात भिल्ली भाषांबरोबर खानदेशी घेतली आहे. ग्रियर्सनने प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून सगळ्या हिंदुस्थानभर एकच उतारा भाषांतर करायला पाठवला होता: लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत. लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यातल्या शब्दांत थोडा फेरफार केल्याचे तो सांगतो. म्हणजे आपल्या बोलीतला शास्त्राचा हा उतारा सरकारी कामात, व्याकरणाचा नमुना म्हणून छापला गेला. महसूल खात्याच्या साहेबी शिस्तीत.

प्रश्न हा की हे सूचीत घ्यायचे का? भाषांतर तर आहे. धर्मासाठी केलेले नाही. दुपारपासून त्यावरच अडले होते.

मावशीला गोष्ट मराठीत सांगितली. तिने ती लगेच स्वतःची करून टाकली: "एक बापले दोन आंडोर व्हतात. धाकला म्हने, मना वाटा माले दी टाक." वाटणीचे तिला काही समजावून सांगावे लागले नाही. मुलगा परदेशी गेला, पैसा उडवला, दुष्काळ पडला, डुकरे राखायला राहिला. इथपर्यंत ती हुंकार देत होती. मग मी मराठी भाषांतरातले वाक्य वाचले, की डुकरे ज्या शेंगा खात त्यांवर तरी पोट भरावे असे त्याला वाटे.

"डुकरेस्ले शेंगा?" मावशी उठून बसली. "मंग तो गरीब कसाना?"

खानदेशात शेंगा म्हणजे भुईमूग. घरात ओल्या शेंगा आल्या की पोरे त्यांवर तुटून पडतात. त्या डुकरांना घालणारा मालक म्हणजे राजाच. दृष्टांताचे सगळे दुःखच उडाले. मूळ ग्रीक शब्द केरातिया, शब्दशः ‘छोटी शिंगे’. भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोबच्या झाडाला शिंगासारख्या वाकड्या शेंगा लागतात, त्या जनावरांना घालत आणि नड असली की गरीबही खात. त्याच झाडाच्या बियांनी सोने-हिरे तोलत, आणि कॅरेट हा शब्द तिथूनच, अरबीच्या वाटेने आला. जळगावच्या सराफ बाजारात रोज हजार वेळा उच्चारला जाणारा शब्द त्या डुकरांच्या गव्हाणीतला आहे, हे मावशीला सांगितले. तिने गळ्यातली पोत एकदा चाचपली आणि झोपली.

ग्रियर्सनची नोंद घेतली. फुलीसह.

१७ ऑगस्ट

विनोबांचे ‘ख्रिस्तधर्म सार’. सर म्हणतात हा अभ्यास नव्हे, वेचे आहेत. पण काय वेचले आणि काय सोडले हाच तर अभ्यास. शिवाय विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. म्हणजे खानदेशातल्या माणसाने विनोबांना सूचीबाहेर काढायचे हे जरा अवघडच. (हे कारण सूचीशास्त्रात बसत नाही, माहीत आहे.) घेतले. नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ मात्र काव्य म्हणून बाहेर. मग ‘ख्रिस्तपुराण’ आत कसे, असे विद्यार्थिनीने विचारले. बरोबर विचारले.

१८ ऑगस्ट

‘ख्रिस्तपुराण’. फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट. रायतूरला १६१६ मध्ये पहिली छपाई, रोमन लिपीत, मग १६४९ आणि १६५४. पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे नव्याचे, मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठीत बायबलची एवढी मोठी मांडणी तोवर कोणी केली नव्हती, आणि पूर्ण भाषांतर छापून यायला पुढे दोन शतके लागली. शुभवर्तमानांतले प्रसंग तो कोणत्या क्रमाने लावतो, कुठे थांबून शंका-समाधान करतो, हे पाहिले तर हा भाष्यकारच. टिळक कवी म्हणून लिहायला बसले, स्टीफन्स शिकवायला बसला. म्हणून एक बाहेर, एक आत. विद्यार्थिनीचे समाधान अर्धेच झाले. माझेही.

आता नियमाची गोची. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे उपलब्ध नाही. पाहता येईल ते १९०७ चे मंगळूरचे सालढाणा यांचे संपादन, हस्तलिखितांवरून केलेले. म्हणजे सूचीतल्या सगळ्यात जुन्या तीन नोंदींना कधीच फुली मिळणार नाही. मला काय, कोणालाच नाही.

२६ ऑगस्ट

रमाबाईंचे बायबल एका यादीत १९२२, दुसरीत १९२४, आणि तिसरीत दोन्ही, जणू दोन आवृत्त्या. तिसरी यादी करणाऱ्याने पहिल्या दोन जोडल्या असणार. मुखपृष्ठाचा स्कॅन मिळाला: १९२४. रमाबाई गेल्या ५ एप्रिल १९२२ ला, भाषांतर त्याआधी पुरे करून. हिब्रू आणि ग्रीकवरून, अगदी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. छपाई केडगावच्या मुक्तिमिशनमध्येच, तिथल्या बायकांच्या हातून. काम संपल्याचे साल कोणीतरी प्रकाशनाचे धरले आणि एक न झालेली आवृत्ती जन्माला आली. १९२२ ची नोंद काढली, पण टीप ठेवली. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, यांनी गाळली.

२ सप्टेंबर, पोळा

कॉलेज दुपारनंतर रिकामे. सर मोटारसायकलवर जळगावहून आले, अर्धे भिजलेले. छापील मसुदा चाळला. सत्तर पाने. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"बिनफुलीच्या काढून टाका, पन्नास होतील."

"स्टीफन्सपण?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. रस्त्यावरून शिंगे रंगवलेली जोडी चालली होती, मागे पोरे. शेवटी म्हणाले, ग्रंथ वेगळा काढू, सूची वेगळी. निधीचे काय ते बोलले नाहीत, मीही विचारले नाही. मावचीचे परिशिष्ट त्यांनी पाहिले आणि पान उलटले, तेवढे पुरे.

राहिलेले: ज्ञानोदयचे जुने अंक बघायला नगरला जाणे, दिवाळीच्या आधी. अनामिक लेखांचे काय करायचे ते तिथे गेल्यावर. उद्या सकाळी नवापूरला फोन. त्या बिननावाच्या भाष्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची राहिली, आणि पाळकसाहेबांना सांगायचे की पेटीत कडुलिंबाचा पाला घाला.